विधेयक विधानभवनात, मत नगरभवनात

नागपूरच्या मतदाराने २००७ मध्ये आपल्या वॉर्डातून एक नगरसेवक निवडला. २०१२ मध्ये त्यालाच दोन मतं द्यावी लागली, २०१७ मध्ये चार. २०२२ च्या निवडणुकीसाठी तीन सदस्यांच्या प्रभागांचा आराखडा तयार झाला, ५२ प्रभाग आणि १५६ जागा ठरल्या. मग कायदा पुन्हा बदलला आणि हिशेब परत चारवर, म्हणजे ३८ प्रभाग आणि १५१ जागांवर आला. प्रत्यक्ष मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. प्रभागात कितीजण असावेत याचा थेट परिणाम गल्लीतल्या गडरलाइनच्या तक्रारीवर होतो, कारण चौघांपैकी नेमकं कुणाला धरायचं हे लोकांना कळेनासं होतं. तरीही यातला एकही निर्णय मनपाच्या सभागृहात झाला नाही. प्रत्येक वेळी कायदा बदलला तो राज्याने. कधी विधेयक आणून, तर कधी अधिवेशन नसताना अध्यादेश काढून.

मग शहराने निवडून दिलेल्या सभागृहाला अशा बदलाबद्दल काही म्हणायचं असेल, तर ते कुठे म्हणायचं, कोणत्या कागदावर, आणि केव्हा? महापालिकेच्या कामकाजातली ही वाट फारशी कुणाला माहीत नसते. अनेक नगरसेवकांची पाच वर्षं रस्ते, पाणी आणि निधी यांतच जातात. वाट मात्र आहे, आणि नागपूरकरांना तर ती इतरांपेक्षा जवळची आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे घ्यायचं ठरलं. त्यामुळे वर्षातून एकदा कायदे करणारी दोन्ही सभागृहं सिव्हिल लाइन्समध्ये येऊन बसतात, आणि मनपाचं मुख्यालयही सिव्हिल लाइन्समध्येच आहे.

आधी अधिकाराचा प्रश्न. ‘स्थानिक शासन’ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणजे महापालिका कशी असावी, तिचे कर कोणते, तिचा आयुक्त कोण नेमणार, हे सगळं ठरवायचा अधिकार राज्याचा. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या संस्थांना घटनेत जागा दिली, पाच वर्षांची मुदत दिली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली. पण त्या यादीतले विषय महापालिकेकडे सोपवायचे की नाही हे राज्याच्या कायद्यावर सोडलं. शहराबद्दल कायदा करताना शहराला विचारलंच पाहिजे, असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही.

वरच्या पातळीवर मात्र अशी एक तरतूद आहे, आणि विदर्भात ती अनेकांना पाठ असते. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याची हद्द किंवा नाव बदलायचं विधेयक संसदेत मांडण्याआधी राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवायचं असतं. मत किती दिवसांत द्यायचं तेही राष्ट्रपतीच ठरवतात. राज्य पुनर्रचनेच्या वेळी मुंबई राज्याच्या विधिमंडळापुढे एक मसुदा आला आणि संसदेने मंजूर केला तो वेगळा, विदर्भ आणि गुजरातसह मोठं द्विभाषिक राज्य करणारा. बदललेल्या मसुद्यावर पुन्हा मत घ्यायला हवं होतं, या मुद्द्यावर ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मत मागवणं आवश्यक आहे, पण ते संसदेवर बंधनकारक नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा विचारण्याचीही गरज नाही. जिथे विचारणं सक्तीचं आहे तिथे ही स्थिती. महापालिकेच्या बाबतीत तर विचारण्याचीच सक्ती नाही.

याचा अनुभव नागपूरइतका क्वचितच दुसऱ्या शहराला असेल. नागपूरची नगरपालिका १८६४ ची. महापालिका झाली ती नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, २ मार्च १९५१ ला, आणि तिच्यासाठी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने केलेला खास ‘नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, १९४८’ होता. पुढे शहर महाराष्ट्रात आलं तरी हा स्वतंत्र कायदा टिकून राहिला. १९९८ मध्ये राज्याने मुंबई आणि नागपूर या दोनच शहरांत मेयर-इन-कौन्सिल पद्धत आणली, म्हणजे महापौर आणि त्याच्या छोट्या मंडळाकडे कारभाराची सूत्रं. वर्षभरात ती गुंडाळलीही. २०१२ मध्ये नागपूरचा स्वतःचा कायदाच रद्द झाला आणि शहर मुंबई वगळता बाकीच्या महापालिकांसारखं १९४९ च्या कायद्याखाली गेलं, जो आज ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. शहराच्या कारभाराची चौकट तीनदा मुळापासून हलली, आणि तिन्ही वेळा शेवटचा शब्द विधिमंडळाचा होता.

मग महापालिकेच्या हाती काय उरतं? ठराव. सर्वसाधारण सभेत, नागपूरच्या बोलीत सांगायचं तर आमसभेत, बहुमताने मंजूर झालेलं आणि इतिवृत्तात नोंदलेलं सभागृहाचं म्हणणं. महापौराने पत्रकारांना दिलेली प्रतिक्रिया ही महापौराची. एखाद्या पक्षाने काढलेलं निवेदन त्या पक्षाचं. शहराचं अधिकृत मत होण्यासाठी विषय आमसभेच्या पटलावर यावा लागतो.

तो तीन वाटांनी येतो. पहिली वाट प्रशासनाची. एखाद्या प्रस्तावित कायद्यावर नगरविकास विभागाने आयुक्तांकडे अभिप्राय मागवला, तर संबंधित विभाग टिपणी तयार करतो आणि आयुक्त ती सभेपुढे ठेवू शकतात. ‘शकतात’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. अभिप्राय बहुधा आयुक्तांच्या सहीनेच परस्पर जातो आणि सभागृहाला पत्ताही नसतो. दुसरी वाट नगरसेवकाची. तो आगाऊ सूचना देऊन प्रस्ताव मांडतो, दुसरा सदस्य अनुमोदन देतो आणि निगम सचिव तो विषयपत्रिकेवर घेतात. तिसरी वाट महापौरांची. विषय तातडीचा असेल तर ते विशेष सभा बोलावू शकतात. पहिल्या वाटेने आलेल्या विषयाला आकडे असतात पण राजकीय बळ नसतं, आणि दुसऱ्या वाटेने आलेल्याचं नेमकं उलट असतं. म्हणून नगरसेवकाने प्रस्ताव देतानाच प्रशासनाची टिपणी मागून घ्यावी. सभेच्या दिवशी अधिकारी ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाला की विषय पुढच्या महिन्यावर जातो, आणि विधेयक काही महिनाभर थांबत नाही.

आता एक नमुना जवळून पाहू. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर राज्याने २०२२ मध्ये माफ केला. समजा, ही माफी बाकीच्या महापालिकांनाही लागू करणारं विधेयक येणार आहे. लोकांना हवीशी गोष्ट. विरोध कोण करणार? पण जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेल्यानंतर मनपाच्या हाती स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलंय ते मालमत्ता कराचं. यावर आमसभेत दोन प्रकारचे ठराव होऊ शकतात. पहिला असा: ‘ही सभा सदर विधेयकाचे स्वागत करते व शासनाचे अभिनंदन करते.’ किंवा विरोधकांचं बहुमत असेल तर ‘तीव्र निषेध करते’. दोन्ही मंत्रालयात पोहोचतात आणि फायलीत लागतात, कारण त्यात कुणी काही करावं असं काही सांगितलेलंच नसतं.

दुसरा ठराव असा लिहिता येतो: ‘सदर विधेयकामुळे नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनमधील सोबतच्या तक्त्यात दर्शविलेल्या घरांचा कर माफ होईल व तक्त्यातील रकमेची वार्षिक तूट येईल. ही सभा करमाफीस पाठिंबा देते. मात्र विधेयकात पुढील खंड समाविष्ट करावा अशी शिफारस करते: या माफीमुळे होणारी महसुली तूट राज्य शासन संबंधित महानगरपालिकेस दरमहा अनुदानाद्वारे भरून देईल व त्या रकमेत दरवर्षी वाढ करील. सदर ठरावाची प्रत नगरविकास विभाग, विधी व न्याय विभाग, शहरातील सर्व विधानसभा व विधान परिषद सदस्य यांना सभेच्या दिवसापासून तीन दिवसांत पाठविण्यात यावी.’

या दुसऱ्या ठरावात चार गोष्टी आहेत: शहरावर होणारा परिणाम झोननिहाय, भूमिका स्पष्ट, हवा असलेला बदल कायद्याच्या भाषेत, आणि प्रत कुणाला व कधी पाठवायची त्याचा हुकूम. तिसऱ्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन. आमदाराला किंवा विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याला तयार मजकूर मिळाला तर तो त्याला दुरुस्ती म्हणून पुढे नेता येतो. नुसती भावना मिळाली तर त्याला आधी तिचा मजकूर करावा लागतो, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

भरपाईची ही मागणी हवेतली नाही. १ एप्रिल २०१३ ला नागपुरात जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून राज्याने तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद केला. तेव्हा शहरांना भरपाईच्या अनुदानासाठी मुंबईकडे डोळे लावून बसावं लागलं. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मात्र राज्याने स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदाच केला. त्यात २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल आठ टक्के चक्रवाढीने रक्कम वाढवण्याची हमी आहे. आधीच्या वेळी अनुदान होतं, या वेळी हक्क आला. हा फरक कायद्यात चार ओळी लिहिल्याने पडला. महापालिकांनी राज्याच्या विधेयकांवर बोलायचं ते अशाच चार ओळींसाठी.

ठराव झाला, पुढे काय? निगम सचिवांच्या कार्यालयातून तो आयुक्तांकडे जातो आणि त्यांच्या पत्रासोबत मंत्रालयात नगरविकास विभागाकडे. विधेयकाचा प्रवास मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. विभाग मसुद्याची टिपणी करतो, विधी व न्याय विभाग भाषा तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं, मग विधेयक सभागृहात मांडलं जातं. तिथे आधी सर्वसाधारण चर्चा, मग खंडशः विचार, मग अंतिम मंजुरी. एका सभागृहातून दुसऱ्यात, तिथून राज्यपालांकडे. बदल करून घ्यायला सगळ्यात सोपी वेळ म्हणजे मंत्रिमंडळाच्या मान्यतेच्या आधीची. एकदा मंत्रिमंडळाने शिक्का मारला की मंत्र्याला मागे जाणं अवघड होतं.

आणखी एक दार आहे, ते दरवेळी उघडत नाही. वादग्रस्त विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवता येतं, आणि ती समिती लोकांकडून सूचना-हरकती मागवू शकते. याचं ताजं उदाहरण नागपुरातच सुरू झालं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे सोपवलं गेलं. समितीचे अध्यक्ष होते नागपूर जिल्ह्यातलेच चंद्रशेखर बावनकुळे. बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या, मसुद्यात काही बदल झाले, आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. त्या कायद्याबद्दल कुणाचं काही मत असो, प्रक्रियेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. समितीला सूचना पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. नागरिक पाठवतो, संघटना पाठवते, मग महापालिकेच्या सभागृहालाही ठराव करून पाठवता येते. शहरांशी संबंधित विधेयक समितीकडे गेलं की सूचनांची मुदत संपण्याआधी आमसभा व्हायला हवी. एवढी एकच तारीख सांभाळली तरी पुष्कळ.

एक वाट तर घटनेनेच करून दिलेली आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडून द्यायच्या असतात. नगरसेवक या मतदारसंघाचे मतदार आहेत. राज्यसभेला राज्यांचं सभागृह म्हणतात, तसा या २२ जणांनी परिषदेत शहरांचा आणि गावांचा आवाज व्हावा अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात या जागेची निवडणूक पक्षीय बेरीज-वजाबाकीतच संपते, आणि निवडून गेलेल्या आमदाराकडून मनपाचे ठराव सभागृहात मांडून घ्यावेत हे नगरसेवकांच्या मनातही येत नाही. मला ही सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी वाटते. याशिवाय सभागृहात माजी महापौरही आहेत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस नागपूरचे महापौर होते, विकास ठाकरे होते, प्रवीण दटके होते. मनपाचा ठराव म्हणजे काय हे या तिघांना समजावून सांगावं लागत नाही.

ठरावाच्या मर्यादाही ओळखून असायला हवं. १९४९ च्या कायद्यातलं कलम ४५१ नगरसेवकांना तोंडपाठ असतं. मनपाचा ठराव कायद्याविरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा आहे असं शासनाला वाटलं तर शासन त्याची अंमलबजावणी थांबवू शकतं आणि पुढे तो रद्दही करू शकतं; वर्तमानपत्रात आपण ‘ठराव विखंडित’ असं वाचतो ते हेच. मत व्यक्त करणाऱ्या ठरावात अंमलबजावणी करण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून तो सहसा या कचाट्यात सापडत नाही. पण ठरावात ‘हा कायदा मनपा लागू करणार नाही’ असं वाक्य घातलं की तो मताचा ठराव राहत नाही, अवज्ञेचा होतो. शिफारस आणि नकार यांतली ही रेघ मसुदा लिहितानाच पाळायची.

पण नुसतं मत नोंदवणंही किती महाग पडू शकतं हे बेळगावने पाहिलंय. ऑक्टोबर २००५ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचं बहुमत असलेल्या बेळगाव महापालिकेने बेळगाव आणि आसपासचा मराठी भाग महाराष्ट्रात जावा असा ठराव केला. नोव्हेंबरात महापौर विजय मोरे बंगळुरूला गेले असता कन्नड कार्यकर्त्यांनी त्यांच्या तोंडाला काळं फासलं, आणि त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. महापालिकेने आपल्या कक्षेबाहेर जाऊन ठराव केला, हा सरकारचा मुद्दा होता. तिथे कायदा लागू करण्याचा प्रश्नच नव्हता. निवडून आलेल्या सभागृहाने एक मत नोंदवलं होतं, इतकंच. मराठी माणूस म्हणून त्या घटनेकडे पाहताना मन कडू होतंच. महापालिकेच्या कामकाजाच्या दृष्टीने पाहिलं तरी निष्कर्ष गंभीर आहे: मत मांडण्याचं स्वातंत्र्य सभागृहाला आहे की नाही हे शेवटी त्या सभागृहाला बरखास्त करू शकणाराच ठरवतो. आपल्या कायद्यातही कलम ४५२ खाली बरखास्तीचा अधिकार राज्याकडे आहे. त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, एवढं संरक्षण घटनेने दिलंय.

परदेशात काय चालतं? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांची सभागृहं दरवर्षी एक भूमिकापत्र मंजूर करून ठेवतात: कर, घरबांधणी, पाणी, पोलीस या विषयांवर शहराची कायम भूमिका काय. राज्याच्या विधिमंडळात एखादं विधेयक आलं की त्या चौकटीत बसणारं पत्र महापौर लगेच पाठवतात. पाठिंबा, विरोध, किंवा अमुक दुरुस्ती केली तर विरोध मागे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. दर विधेयकासाठी सभा बोलवावी लागत नाही. स्वीडनमध्ये तर कायद्याची तयारी करताना संबंधित नगरपालिकांचं मत घ्यावं ही अपेक्षा राज्यघटनेतच आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा असं धोरण ठरवलं, पण ते केंद्राच्या मंत्रालयांपुरतं आहे.

यातली भूमिकापत्राची पद्धत नागपूरला आजच्या कायद्यात राहूनही उचलता येईल, आणि तिची गरज वेळापत्रकामुळे आहे. मनपाची सर्वसाधारण सभा महिन्यातून एकदा होते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे दोन्ही वर्षी आठवडाभरात आटोपलं. सोमवारी मांडलेलं विधेयक शुक्रवारी मंजूर होऊ शकतं. महिन्याच्या सभेने आठवड्याच्या अधिवेशनाला गाठणं शक्यच नाही. अध्यादेश तर त्याहून वेगवान: एका सहीने लागू होतो, आणि विधिमंडळ पुन्हा बसल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर व्हावं लागतं. अध्यादेशाच्या बाबतीत मनपाला मत द्यायला जागा मिळते ती या मधल्या काळात. नोव्हेंबरच्या आमसभेत ‘आगामी अधिवेशनासाठी मनपाची भूमिका’ असा एक विषय दरवर्षी ठेवला, त्यात पाच-सहा मुद्दे आकड्यांसह मंजूर केले आणि शहरातल्या सहाही विधानसभा मतदारसंघांच्या आमदारांना अधिवेशनाच्या आधी बोलावून हातात दिले, तर डिसेंबरात धावाधाव करावी लागणार नाही.

मुद्द्यांची कमतरता तर अजिबात नाही. नागपूर सुधार प्रन्यासचंच घ्या. १९३६ च्या कायद्याने आलेली ही संस्था, आपल्या तोंडी नासुप्र. एकाच शहरात नकाशे मंजूर करणाऱ्या दोन संस्था का, हा वाद जुना. ५७२ आणि १,९०० ले-आऊटमधल्या लोकांना रस्ता मागायला मनपाकडे जायचं की नासुप्रकडे, हे वर्षानुवर्षं समजलं नाही. २०१६ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने नासुप्र बरखास्त करायचं ठरवलं, २०१९ मध्ये त्या दिशेने पावलं पडली, आणि २०२२ मध्ये नासुप्र कायम ठेवण्याचा निर्णय झाला. संस्था हवी की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण ज्या शहराचा विकास आराखडा कुणी राबवायचा हे ठरत होतं, त्या शहराच्या सभागृहाने ‘बरखास्त करायची असेल तर कर्मचारी कुठे जातील, ठेवी कुणाच्या, अर्धवट ले-आऊटची जबाबदारी कोण घेणार’ याचा कलमवार मसुदा सरकारपुढे ठेवला असता तर निर्णय इतक्या सहज मागेपुढे झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवणारी २०२१ ची दुरुस्ती, हा असाच नागपूरच्या जिव्हाळ्याचा विषय.

आता ज्या काळाबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं, तो काळ. ४ मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि इतर मागासवर्ग आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयीन लढाया यांत निवडणूक जवळजवळ चार वर्षं लांबली. या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. सभागृहाचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडे. राज्याने नागपूर महापालिकेचा अभिप्राय मागवला तर तो राज्यानेच नेमलेला अधिकारी देणार. व्यक्ती म्हणून हे अधिकारी कितीही सक्षम असोत, शहराच्या वतीने सरकारला ‘हे विधेयक आम्हाला असं नको’ म्हणणारं कुणी खुर्चीत नव्हतं. आणि याच काळात प्रभागरचनेचा कायदा कितीदा बदलला हे सुरुवातीला सांगितलंच आहे. मार्च २०२२ मध्ये प्रभाग ठरवण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारा कायदाही झाला. परिषदेतली स्थानिक संस्थांची नागपूरची जागा २०२१ मध्ये बावनकुळे यांनी जिंकली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कामठीतून विधानसभेवर गेले आणि जागा रिकामी झाली, तेव्हा ती भरायला मत देणारे नगरसेवकच शहरात नव्हते. सभागृह नसण्याचा तोटा रस्त्यावरच्या खड्ड्यांत दिसतो, तसा तो असा कायद्यांतही होतो, फक्त तिथे तो डोळ्यांना दिसत नाही.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने १५१ जणांचं सभागृह परत आलं. नागरिकाने या वाटेत कुठे उभं राहायचं तेही सांगतो. विधेयकांचा मजकूर मांडल्यानंतर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो. शेवटी जोडलेलं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आधी वाचावं, मग खंड. शहराशी संबंध दिसला की आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र द्यावं. चार सदस्यांच्या प्रभागाचा हा एक उपयोग, की चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर सूचक आणि अनुमोदक दोन्ही तिथेच मिळू शकतात. पत्रात विधेयकाचा क्रमांक, अडचणीचा खंड आणि त्याचा आपल्या वस्तीवर होणारा परिणाम एवढंच लिहावं. सोसायटी, व्यापारी संघटना, ज्येष्ठ नागरिक मंडळ यांनी सही केलेलं पत्र असेल तर नगरसेवकाला सभागृहात उभं राहायला बळ येतं.

ठराव मंजूर झाल्यावर काम संपत नाही. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत काही वेळा ठराव टेबलावरच राहतो, आणि तोवर विधेयक कायदा झालेलं असतं. म्हणून ठरावातच ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता’ हे शब्द घालून घ्यावेत. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्जात सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहून ठरावाची प्रत मागावी, आणि त्यासोबत तो ज्या पत्राने मंत्रालयात गेला त्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांकही मागावा. तसाच दुसरा अर्ज नगरविकास विभागाकडे करून त्याच पत्राचा आवक क्रमांक आणि त्यावर काय शेरा पडला ते विचारावं.